लाल अक्षरांतलं नाव

आमगावच्या आमच्या कॉलेजातले लॅबवाले मास्तर कॉम्प्युटरवर एकच गोष्ट उघडत. मजकूर लिहायचा साधा, काळ्या पडद्याचा एडिटर. आलेले मेल त्यातच वाचायचे, वर्तमानपत्रांच्या ताज्या बातम्याही त्यातच. माउस त्यांनी कपाटात टाकून दिला होता. "कीबोर्डवरून हात उचलला का राग थंडा होते," म्हणत. मी तिथं इतिहास शिकवायला नुकताच लागलो होतो. राग कोणावर, ते मला ठाऊक नव्हतं.

मग कळलं. एका पुढाऱ्याचं नाव बातमीत आलं की त्या पडद्यावर ते आपोआप लाल होई, अशी सोय मास्तरांनी करून ठेवली होती. काही वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत मास्तरांच्या बायकोला धानाच्या बांधीत साप चावला, तेव्हा गोंदियाला न्यायला दवाखान्याची ॲम्बुलन्स जागेवर नव्हती. याच पुढारी साहेबांच्या सत्काराला गेली होती. बाई ट्रॅक्टरवर, मास्तरांच्या मांडीवरच गेल्या.

साहेबांनी आरोग्य शिबिराची फीत कापली की मास्तर बातमी वाचत आणि तिथल्या तिथं संपादकाला मेल लिहीत: 'यांच्या सत्काराच्या दिवशी ॲम्बुलन्स कुठे होती, ते विचारा.' वर्षानुवर्षं हेच. कोणी छापलं नाही.

एकदा निवडणुकीच्या तोंडावर साहेब स्वतः लॅबमध्ये आले. "मास्तर, भूल जाओ ना अब. हात जोडतो."

"मले कायले जोडता? चौकात माइक लावा आन् तिथं सांगा."

साहेब तडक निघून गेले. ते बसले होते ती खुर्ची मास्तरांनी ओल्या फडक्यानं पुसली.

पुढे साहेब वारले. बातमीचा मथळा होता, 'गोरगरिबांचा कैवारी हरपला.' मास्तर लगेच लिहायला बसले. मी त्यांचा हात धरला. "आज तरी नको, मास्तर. माणूस गेला आता."

"म्हातारा होऊन गेला, सर. माही बायको झाली का म्हातारी?"

मी हात सोडला.

या वेळी एका लहानशा साप्ताहिकानं ते छापलं. थोड्याच दिवसांत त्या ॲम्बुलन्सच्या निवृत्त ड्रायव्हरचा मेल आला, मुलीकडून लिहवून घेतलेला. 'गाडी मीच नेली होती. साहेबाचे हार आनाले पाठवलं होतं मले. मी नाही म्हनलो नाही.' मास्तरांनी तो मोठ्यानं वाचला आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. मला वाटलं, संपलं.

त्यानंतर साहेबांच्या मुलाचा मेल आला. जाहीर माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा खटला भरतो. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी एका दमात उत्तर धाडलं: 'लवकर भरा. साक्षीदार म्हातारा आहे.'

खटला काही झाला नाही. मास्तरांच्या शेवटच्या आजारात मी गोंदियाच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा तब्येतीचं बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, "समन्स आला का?"

"नाही, मास्तर."

"कोर्टाले भेला साला," ते म्हणाले, आणि समाधानानं कूस वळवून झोपले.