परकरातला भुसा

कारभारी मिस्त्रीला गिऱ्हाइकं जोडून दिली ती त्याच्या करवतीने नव्हे, रंध्याने तर नव्हेच. दिली त्याच्या बायकोच्या जुन्या परकराने. हसताय काय, खरंच सांगतो.

चौऱ्याहत्तर साल असेल. नाशकात सुतार काही कमी नव्हते, पण घरात सुतार घालायचा म्हणजे बायामाणसांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. दोन फळ्या कापून होतात, पण भुसा पुढे महिनाभर पिठाच्या डब्यात, गादीत, देवाच्या डोक्यावर सापडत राहतो. कारभारीचं तसं नव्हतं. तो मूळचा निफाडकडचा, बोलायला ऐसपैस आणि स्वतःच्या कामावर मनापासून खूश. घरात पाऊल टाकलं की पहिला हुकूम सोडायचा, "पंखा बंद करा." मग वैशाख असो की आणखी काही. दाराला ओलं धोतर टांगायचा, जमिनीवर ओली गोणपाटं पसरायचा आणि पिशवीतून शकुबाईचा फुलाफुलांचा परकर काढायचा. परकराचं खालचं तोंड शिवून बंद केलेलं. वरचं तोंड फळीला अडकवून नाडी आवळली की करवतीखालचा सगळा भुसा अलगद परकरात. संध्याकाळी मिशासुद्धा त्या परकरात झटकून मगच बाहेर पडायचा.

"बोट फिरवा काकू, कुठंबी फिरवा," असं म्हणून छाती काढून उभा राहायचा. काकूंचं बोट स्वच्छ निघायचं. घामाने निथळत का होईना, पण काकू खूश व्हायच्या.

आता यातलं अर्धं पुण्य शकुबाईचं होतं, हे तो कुणाला सांगत नसे. रॉकेल मिळेनासं झालेलं. शकुबाईने पत्र्याच्या डब्याची भुशाची शेगडी केली होती. मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली हळूच उपसायची आणि खालून पेटवायचं, की दोन्ही वेळचं होऊन जायचं. तेव्हा नवरा रिकाम्या हाताने आला तर ती दारातच विचारायची, "आज काय नुसतं मोजमापच केलं का?" आता सांगा, माणूस भुशाचा कण तरी मागे ठेवील का?

तर अशा या कारभारीला पंचवटीतल्या गोदावरीकाकूंचं बोलावणं आलं. काकूंचे यजमान वेणीमाधवपंत सकाळभर रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगायचे आणि दुपारी जेवून आडवे झाले की थेट चहाच्या वेळेलाच उठायचे. काकूंची आई निफाडला नुकतीच वारली होती. तिची सागवानी पेटी काकूंनी हट्टाने मागून आणली होती. आईने त्या पेटीत जन्मभर मसाले, सांडगे आणि हिंग ठेवलेला. पण पेटी एवढी अवाढव्य, की दोन खोल्यांत ती ठेवावी की माणसांनी राहावं असा प्रश्न पडला.

"या पेटीचं शालू ठेवायला कपाट करा," काकू म्हणाल्या. "पण लाकूड हेच लावायचं. दुसरी फळी चालायची नाही मला." आणि भाचीच्या लग्नाला मनमाडला निघून गेल्या. जाताना पंतांना बजावून गेल्या, "लक्ष ठेवा."

पंतांनी लक्ष ठेवलं ते डोळे मिटून.

कारभारीने पेटी कापायला घेतली आणि हिंगाचा असा काही भपकारा आला, की त्याला तिथल्या तिथे भूक लागली. लाकूड नुसतं हिंगाने मुरलेलं. त्याने विचार केला, शालूला हिंगाचा वास? छे, काकू दारात उभं करायच्या नाहीत. मग त्याने रंधा धरला. बाहेरून मारला, आतून मारला, भिंतीकडे जाणारी पाठसुद्धा सोडली नाही. आतलं कोरं, सोनेरी सागवान लागेपर्यंत गडी थांबला नाही. वरून वॉर्निशचे हात दिले. काकू येऊन कपाटाला नाक लावतील आणि थक्क होतील, हे चित्र डोळ्यांपुढे आणून तो एकटाच हसायचा. भुसा आणि सालपटं अर्थात रोजच्या रोज सायकलवरून घरी.

तिकडे शकुबाईच्या शेगडीवर भाकरी आणि ठेचाच होता, पण सगळ्या आळीभर फोडणीचा वास दरवळायला लागला. शेजारची लंकाबाई भिंतीवरून म्हणाली, "शकू, रोजच आमटी? लय चांगलं चाललंय बाई तुमचं." शकुबाईने नुसतं हसून पदर सारखा केला. फुकटचा मान कशाला सोडायचा?

काकू मनमाडहून परतल्या. फरशी लख्ख, कपाट उभं. त्यांनी दार उघडलं आणि खरोखरच नाक लावलं. एका कोपऱ्यात लावलं, दुसऱ्या कोपऱ्यात लावलं, वाकून खालच्या खणात लावलं. नुसता वॉर्निशचा वास.

"मिस्त्री, माझ्या आईची पेटी कुठंय?"

"हीच की काकू."

"ही नाही." काकूंचा आवाज बदलला होता. "एवढी थोरली पेटी कापलीत, तर भुसा कुठंय? एखादं सालपट तरी दाखवा."

कारभारी फरशीकडे पाहायला लागला, तर तिथे कणसुद्धा नव्हता. इतकी वर्षं ज्याच्यावर मिरवला, तेच आता गळ्याशी आलं. काकूंनी पंतांना हलवून जागं केलं. "तुम्ही पाहिलंत यांना पेटी कापताना?"

पंत म्हणाले, "आवाज यायचा थोडा. बहुधा यायचा."

एवढ्यात समोरच्या कमळाबाई डोकावल्या. आपल्या दोन्ही दारांचं काम त्या कारभारीलाच देणार होत्या. "भुसा घरी नेला मी," कारभारी कसाबसा म्हणाला, आणि ते बोलणं आणखीच अंगाशी आलं.

"म्हणजे गिऱ्हाइकाच्या वस्तू घरी नेता तर तुम्ही," काकू म्हणाल्या.

"आमच्या दारांचं राहू द्या सध्या," असं म्हणत कमळाबाईंनी पदर खोचला.

कारभारीच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलं आलं, लपवण्यासारखं नव्हतं. दारांचं जाऊ द्या, पण चार दिवसांत सगळ्या पंचवटीभर झालं असतं, की हा मिस्त्री मेलेल्या आईचं लाकूड बदलतो. मग नाशकात कोण त्याला उंबऱ्याच्या आत घेणार होतं? "काकू," तो म्हणाला, "माझ्या घरी चला. आत्ता चला."

टांगा केला. पुढे कारभारी सायकलवर, मागे टांग्यात काकू, साक्षीला कमळाबाई आणि झोपमोड झालेले पंत. वाटभर कारभारीच्या मनात एकच धाकधूक, शकूने भुसा संपवला नसला म्हणजे मिळवली.

शकुबाईने संपवलाच होता. शेवटचा पसाभर भुसा शेगडीत ठासून तिने नुकताच पेटवला होता. तवा तापत होता आणि धूर दारातून बाहेर येत होता. कारभारीने कपाळावर हात मारला. "अगं, थोडा तरी ठिवायचा."

"मला काय सपान पडलं व्हतं?" शकुबाई म्हणाली.

काकू टांग्यातून उतरल्या, दोन पावलं आल्या आणि तिथेच थांबल्या. एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. मग त्या सरळ आत शिरल्या आणि शेगडीसमोर बसल्या. धुराने डोळे चुरचुरत होते की आणखी कशाने, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"आमटीला फोडणी दिलीन की अंगणापर्यंत असा वास यायचा," त्या म्हणाल्या. "शाळेतून येताना आधी हा वास, मग आई."

कारभारी खाली मान घालून म्हणाला, "शालूला लागंल म्हणून मी समदा काढून टाकला, काकू."

काकू शेगडीतला भुसा विझेपर्यंत बसून राहिल्या. भाकरी कधीच होऊन गेल्या होत्या. शकुबाईने चहा पुढे केला, सोवळंओवळं विसरून तोही त्यांनी घेतला. पंचवटीतल्या बायकांना हे सांगून पटलं नसतं, पण कमळाबाई साक्षीला होत्या. निघताना काकूंनी हळूच विचारलं, "उरलाच नाही का गं अगदी?"

शकुबाईने खुंटीवरचा परकर काढला, उलटा केला आणि काडीने नाडीच्या नेफ्यातला भुसा खरवडून काढला. चिमूटभर निघाला. कागदात पुडी बांधून दिली. काकू कमळाबाईंना म्हणाल्या, "दारं यांच्याकडूनच करून घ्या. माणूस खरा आहे. नको इतका झाडूनपुसून काम करतो, एवढंच."

कमळाबाईंची दारं झाली, पुढे सगळी आळी झाली. त्यानंतर कारभारी दर गिऱ्हाइकाला त्याच्या लाकडाच्या भुशाची एक पुडी देऊ लागला. लोक ती त्याच्यादेखत केरात टाकायचे आणि वर त्यालाच म्हणायचे, "मिस्त्री, हा कचरा कशाला ठेवता?"

काकूंनी मात्र आपली पुडी चांदीच्या कुंकवाच्या करंड्यात भरली आणि कपाटात शालूंच्या मधोमध ठेवली. ज्या कपाटातून हिंग घालवायला कारभारीने रंधा मारून मारून दंड दुखवून घेतले, त्यात हिंग पुन्हा मुक्कामाला आला. पुढे प्रत्येक लग्नात काकू शालू नेसून मांडवात आल्या, की पंत पाट शोधायला लागायचे. पान वाढलं असेल, असं त्यांना वाटायचं.