नवरीनेच घेतलेली हरकत

गर्व हे पाप आहे, असं माझे वडील व्यासपीठावरून दरवर्षी बजावत. ते जळगावच्या आमच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. तरी पुढची हकिकत मी छाती फुगवूनच सांगणार आहे.

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत ते पुकारतात. पाळक वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, "कुणाची हरकत?" कुणीच बोलत नाही. बायका फक्त नवरीला कोपर मारतात.

माझा वर पुण्याच्या कॉलेजात माझ्याच वर्गात होता. 'तो' म्हणते, कारण मी त्याला आजही 'अहो' म्हणत नाही. तेव्हाच त्याने मागणी घातली होती, पण लगेच म्हणाला, "आईला नोकरी करणारी सून चालणार नाही." मी सरळ नाही म्हटलं. जळगावला येऊन मिशनच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले. तो धुळ्याला मास्तर झाला. चार वर्षांनी एका ख्रिस्ती मेळाव्यात भेटला, थोडा जाड झालेला. म्हणाला, "नोकरीचं तुझं तू ठरव." डोळे तेच होते. मी हो म्हटलं.

तिसऱ्या रविवारी तो आईला घेऊन धुळ्याहून एरंडोलमार्गे मोटारीने आला. दोघंही धुळीने पांढरे. तो पुरुषांच्या बाजूला बसला, आई माझ्याशेजारी. वडिलांनी लग्न पुकारलं आणि त्याच दमात वाचलं, "वधू संसाराला लागणार असल्याने शाळेत गणिताची जागा रिकामी होत आहे. इच्छुकांनी अर्ज करावेत."

मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं!

"कुणाची हरकत?"

"माझी," मी उभी राहिले.

पेटीवाल्या मास्तरांच्या हातून एक सूर निसटला. वडील चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, नवरी तूच आहेस."

"म्हणूनच. जागा रिकामी होत नाही. होत असेल तर लग्न रद्द."

सगळी मंडळी पुरुषांच्या बाजूला वळली. तो उठला. कॉलेजात वादविवादाची बक्षिसं लुटणाऱ्या या माणसाच्या तोंडातून एवढंच निघालं, "माझं काही नाही... पण आईचं..."

"मना नावे कोनी सांगं तुले?" सासूबाई बसल्या जागेवरून अहिराणीत कडाडल्या. "मले कधी इचारं का? मना हातपाय धड शेतस!" हातपाय धड आहेत, घरकामाला सून कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्याचे कान लाल झाले. मग तो सावकाश म्हणाला, "मंडळीसमोर कबूल करतो. तो हट्ट आईचा नव्हता, माझाच होता. आता नाही. धुळ्याची नोकरी सोडून मीच जळगावला येतो."

चार वर्षं फुकट घालवली होती पठ्ठ्याने! रागाने मी फुटायला हवं होतं. पण भर उपासनेत इतकं खरं बोलणारा पुरुष मी तरी दुसरा पाहिला नव्हता.

वडिलांनी शाळा चालवणाऱ्या मडमसाहेबांकडे पाहिलं. त्या आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "अर्ज नको. ही उद्या वर्गावर पाहिजे."

वडिलांनी पेन्सिलीने ती ओळ खोडली.

लग्नासाठी मी एकच दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डबा भरून दिला आणि तो मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आला. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होता, "आमच्या बाई गणित शिकवतात, बरं का!"