पाण्यात उभं राहून

साहेबानं माझ्या बापाच्या एका हातात मेलेला मासा दिला, दुसऱ्या हातात गेळाची फळं दिली आणि म्हणाला, "हां. आता इकडं बघ."

बापानं बघितलं. ढोपरभर पाण्यात उभा, अंगावर लंगोटी, डोक्याला फडकं. साहेबानं चोराचा काढतात तसा फोटो काढला. आधी समोरून, मग बाजूनं. बाप दोन्ही वेळा हसला. फोटो काढताना हसायचं असतं, एवढंच त्याला ठाऊक.

मी काठावर उभी होते. परकर भिजलेला, पाय लाल झालेले. बाप हसला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही कातकरी. रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या काठाला आमची वाडी. जमीन नाही, जुमला नाही. जे काय होतं ते नदीत. बाप पाग, म्हणजे फेकायचं जाळं, फेकायचा. आई आणि मी दगडाखाली हात घालून खेकडे काढायचो, झिंगे काढायचो. रोह्याच्या बाजारात विकायचो, त्यावर चूल पेटायची.

त्या साली पावसाळा सरल्यावर मासे पोटं वर करून तरंगत आले. आमच्या वरच्या अंगाला एका कारखान्याचा नाला नदीला मिळतो. नाल्याच्या वर मासा जिता, नाल्याच्या खाली मेलेला. आंधळ्यालाही कळलं असतं. पण बाजारात एकच बोलणं, कातकऱ्यांनी विष टाकलं. आईच्या टोपलीवरचं फडकं कोणी उचलेना. एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आधी मारता नि मग इकता व्हय गो?" आईनं टोपली उचलली आणि पायी घरी आली. त्या दिवशी आम्ही पेज प्यायलो, नुसती.

मग साहेब आले, पाणी तपासायला. आमच्यासाठी नव्हते आले. वर कोलाडच्या बाजूला रबरी होड्या चालतात. शहरातली माणसं टोप्या घालून, फुगे लावल्यागत जाकिटं घालून त्यात बसतात, ओरडतात, भिजतात, फोटो काढतात. त्यांच्या अंगाला लागणारं पाणी कसं आहे, माणसानं त्यात पोहावं का, मासा त्यात जगेल का, हे बघायचं होतं. वरचं पाणी साहेबांनी होडीत बसून स्वतः घेतलं म्हणे. आमच्याकडे आले तेव्हा जीपमधून उतरायच्या आधीच नाकाला रुमाल. खोक्यातून काचेच्या बाटल्या काढल्या आणि मला बोट केलं.

"ए पोरी, तू जा आत. तुम्हाला सवय असते."

मी गेले. पाणी पायाला झोंबत होतं, खरचटलेल्या जागी तर आगच. वास असा की डोकं धरलं. तरी भरल्या मी बाटल्या. चांगल्या काठोकाठ भरल्या, साहेबाचं काम म्हणून. घेताना त्यानं हातात रबरी मोजे चढवले. पाण्याला भ्याला का मला, ते अजून कळलं नाही मला.

ऊन मी म्हणत होतं. जीपमध्ये प्यायच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या दिसत होत्या. मी म्हटलं, "साहेब, वाईच पाणी देता?"

साहेब म्हणाला, "एवढी नदी आहे की तुला."

ड्रायव्हर हसला. मीही हसले. बापाचीच लेक.

बाप तेव्हा पाण्यातच होता. पागात अडकलेले मेलेले मासे सोडवत होता. साहेबानं काठावरून हाक मारली.

"काय रे, तुम्ही लोक गेळ टाकता ना नदीत?"

बाप सरळ उभा राहिला. म्हणाला, "व्हय साहेब. टाकतो."

आता हे नीट सांगते, कारण इथंच आमचं सगळं बुडालं. गेळ म्हणजे रानातलं फळ. उन्हाळ्यात नदी आटते, कडेला डबकी राहतात. त्या डबक्यात गेळ ठेचून टाकायचं. मासा गुंगतो, वर येतो, हातानं उचलायचा. तो मासा आम्ही खातो, आमची पोरं खातात. वाहत्या पाण्यात गेळ टाकून उपयोगच नाही, वाहूनच जाणार. आणि तेव्हा तर नदी भरलेली होती. बाप हे सगळं सांगणार होता. "उन्हाळ्यात साहेब, डबक्यात..." एवढं त्याच्या तोंडातून निघालंसुद्धा. पण साहेबाला पाहिजे ते मिळालं होतं. त्यानं ड्रायव्हरला आमच्या झोपडीवर पिटाळलं. वळचणीला गेळाची फळं वाळत घातलेली होतीच.

तुम्ही विचाराल, तुझ्या बापाला नाही म्हणता येत नव्हतं? नव्हतं येत. आमच्या वाडीत पाण्यात उभं राहून खोटं बोलत नाहीत. भांडण झालं, चोरीचा आळ आला, की दोघांना नदीत उतरवतात आणि विचारतात. मोठमोठे लबाड पाण्यात उतरले की खरं ओकतात. काठावर बाप कितीदा खोटं बोलला असेल, दारू प्यायला नाही म्हणून आईला तर रोज सांगायचा. पण त्या दिवशी त्याचे पाय पाण्यात होते. आणि साहेबाचे काठावर.

पुढं काय व्हायचं ते झालं. मासे कातकऱ्यांच्या विषानं मेले, असं ठरलं. पोलीस आले, पाग घेऊन गेले. वाडीला नदीत उतरायची बंदी झाली. रबरी होड्या चालूच राहिल्या. नाला वाहतच राहिला. त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

बाप आम्हाला घेऊन वीटभट्टीवर गेला. पाण्यातला माणूस धुरात गेला. तो कामाला वाईट नव्हता, पण त्याचं लक्ष लागायचं नाही. माती कालवताना मध्येच थांबायचा आणि मला विचारायचा, "मी खरंच बोललो ना गो?" मी म्हणायचे, "व्हय बा." तो पुन्हा माती कालवायचा. मरेस्तोवर हेच विचारत राहिला. भट्टीवरच गेला. नदीवर न्यायला गाडी कुठली, तिथंच माळावर माती दिली.

मला पेणच्या बाजूला दिलं. आता मी जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जाते. तिथं आमची कुळकथा कोणाला ठाऊक नाही. पण बापाचा तो हसरा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. गणपतीचं तोंड घासताना मध्येच दिसतो, आणि हात थांबतो.

बापामागं भाऊ वाडीवर परतला होता. मागल्या साली त्याचा फोन आला. "ये गो, मासे परत मेलेत. साहेब लोक येणार हायत." मी एसटी धरली.

या वेळचे साहेब वेगळे. तरुण, गोड बोलणारे. सोबत एक मॅडम. रुमाल नव्हता, तोंडाला मास्क होता. तेच खोकं, त्याच बाटल्या. साहेबानं सगळ्या बायांकडे बघितलं आणि मला म्हणाला, "ताई, जरा आत जाऊन भरून द्या ना. तुम्हाला सवय आहे."

सवय. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण ओरडले नाही. म्हटलं, "मी नाय जात. तुमी उतरा."

तो हसला. "ताई, आम्हाला इन्फेक्शन होईल."

"आणि आमाला?"

मॅडमनं खाली बघितलं. साहेबानं विषय बदलला. म्हणाला, "बरं, मला सांगा, तुमच्या वाडीत अजून ते गेळ वगैरे टाकतात का?"

तेच. एवढी वर्षं झाली, माणूस बदलला, गाडी बदलली, सवाल तोच. पायाखालची रेती सरकतेय असं वाटलं. मागं सगळी वाडी उभी होती. भावानं माझा दंड धरला, कानाशी म्हणाला, "बोलू नको गो. तू जाशील पेणला. आमाला इथं ऱ्हायचाय." तो खोटं नव्हता बोलत. साहेब चिडला तर त्रास वाडीला. भीती मलाही वाटली.

पण मी दंड सोडवला आणि चपला काढून पाण्यात गेले. बाप उभा होता तिथवर. ढोपराला पाणी लागलं, झोंबलं, तसंच. तिथून म्हटलं, "साहेब, मी इथं उभी ऱ्हायले. इथं आमी खोटा बोलत नाय. आता तुमीपण या. माझ्यासमोर उभे ऱ्हा नि इचारा, मासे कोणी मारले. मी सांगते. मग मी तुमाला इचारते, तुमी सांगा."

तो बुटांकडे बघत राहिला. मॅडमनं एक पाऊल पुढं टाकलं होतं, ते मी बघितलं. साहेबानं तिला हात करून थांबवलं.

आले नाहीत. गाडी वळवून पुलावर गेले, दोरीला डबा बांधून वरून पाणी काढलं आणि निघून गेले. त्या पाण्यात काय निघालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. वाडीतली अर्धी माणसं माझ्याशी बोलत नाहीत. भावानं फोन बंद केलाय. पायाला फोड आले, ते महिनाभर वाहिले. मासे काही परत आलेले नाहीत.

तरी सांगून ठेवते. माझा बाप पाण्यात उभा राहून खरं बोलला आणि ते काठावरच्या माणसानं ऐकलं, म्हणून तो चोर ठरला. मी आता कोणाच्या बाटलीत पाणी भरणार नाही. काठावरून विचारलेल्या सवालाला उत्तर देणार नाही. पुन्हा गाडी आली की मी जोह्याहून येणार, वाडी बोलो न बोलो, ढोपरभर पाण्यात उभी राहणार आणि एवढंच म्हणणार, साहेब, बूट काढा.