कट म्हटल्यावर

मॅडम खडू वर उडवायच्या, झेलायच्या आणि म्हणायच्या, "डिक्शनरी ठेवा बाजूला. डोक्यात पयलं काय आलं ते बोला!" बीडमधल्या आमच्या क्लासमध्ये त्या इंग्रजी शिकवत. मी शेजारच्या खोलीत गणित. मधे नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे माझी पोरं गणिताच्या तासाला इंग्रजीच जास्त शिकायची.

मॅडमच्या घरचा फळांचा गाडा, आवाजही गाड्यावरचाच. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. ओरडतात खूप, हात कुणावर उगारत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी त्यांनी क्रियापद टाकलं, "कट!"

"केस!" "केक!" "लाईट!" पोरं सुटलीच. शिरूर कासारकडची एक दहावीतली मुलगी म्हणाली, "लगीन."

सगळा वर्ग हसला.

"कावून गं?" मॅडमनी विचारलं.

"ऊस तोडायला मुकादम जोडीच घेतो, मॅडम. एकटीला न्हाई. दिवाळी झाली की माझं लगीन, मग आमी दोघं कारखान्यावर."

फळ्यावरचं माझं गणित तसंच राहिलं. हजेरी द्यावी तशी ती पोर हे सांगत होती.

त्याच दुपारी मॅडम तिच्या गावाला निघाल्या. भांडण होणार म्हणून मीही एसटीत बसलो. पण बापानं हातच जोडले.

"आमी उसाला गेल्यावर पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवू?"

"माझ्या. माझ्या घरी राहील. न्हाईतर मी पोलिसांत जाते."

"नका, मॅडम. दिवाळी होऊ द्या, मीच आणून सोडतो."

मॅडमनी शब्द खरा मानला. घरात एक पलंग वाढवला, पिवळ्या फुलांची नवी चादर आणली. मला मुद्दाम बोलावून दाखवली.

सुट्टी संपली, मुलगी आली नाही. आम्ही पुन्हा गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तुमी येऊन गेलात न्हवं, दुसऱ्याच दिवशी लगीन उरकलं. मुहूर्त बी बघितला न्हाई. पोलिसाला लई भ्याले."

मॅडम ओट्यावर बसल्या.

"म्हणजे मीच लावलं तिचं लग्न."

मी हात धरून त्यांना एसटीपर्यंत आणलं.

वर्षभर त्यांनी शिकवलं, पण खडू उडवला नाही. मग क्लास सोडला.

गेल्या हंगामात त्या मला बायपासला दिसल्या. ऊसतोडीला निघालेले ट्रक भांडी, शेळ्या, लेकरं घेऊन चालले होते. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. ट्रकमधल्या एकेका बाईचा चेहरा बघत होत्या. काखेत ती पिवळ्या फुलांची चादर होती, घडीही न मोडलेली.