सुजाता ताई आणि ती खोटी फेरी

सुजाता ताईंनी एकदा चार महिने माझ्याशी बोलणं बंद केलं होतं.

चूक माझी होती.

आज पहाटे ताई गेल्या. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही. आता सांगतो.

फुलसावंगीकडच्या बहुतेकांना त्या नर्सबाई म्हणून माहीत. आमच्या तांड्यावर रस्त्यानं यायचं तर चौदा किलोमीटर, टेकडीवरच्या पायवाटेनं चार. ताई पायवाटेनं यायच्या. सायकलवर, मागे लसींचा डबा बांधून. चढ जमला नाही तर सायकल हातात धरून.

माझी याडी, म्हणजे आई, त्यांना पाणी देताना दरवेळी विचारायची, "बाई, गाडी काहून नाही घेत?"

"गाडी आहे ना घरी. पण तिच्यात मजा नाही, माय."

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी सेकंडहँड गिअरची सायकल घेतली. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, पण नाद सायकलचाच. रविवारी आम्ही सोबत निघायला लागलो. त्या पुढं, मी मागं. वयात सतरा वर्षांचा फरक. चढावर तो कधी दिसला नाही.

मग पुसदच्या काही सायकलवाल्यांनी रात्रीची माउंटन बाईक शर्यत ठेवली. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. जोडीनं खेळायची. एकानं फेरी मारायची, तोवर दुसऱ्यानं आराम करायचा. फेरी नऊ किलोमीटरची. शेताचे धुरे, नाला, सागवान, आणि मधे एक टेकडी.

फेऱ्या मोजायला माणूस फक्त स्टार्टिंग पॉइंटला. टेकडीवर कोणी नाही. सगळं भरवशावर.

ताईंनी वर्षभर तयारी केली. ड्युटी सांभाळून.

"एकदा तरी स्टेजवरून आपलं नाव पुकारलं पाह्यजे रे अविनाश," म्हणायच्या. "आतापर्यंत मीच दुसऱ्याईची नावं पुकारत आली. लसीच्या लाइनीत."

रात्री तीन वाजता आम्ही तिसऱ्या नंबरवर होतो. माझी फेरी होती.

हेडलाइट मंद होत चालला होता. मांडीत गोळे आले होते. टेकडीच्या पायथ्याशी झाडीत काहीतरी मोठं हललं. रानडुक्कर असेल. मी थांबलो.

वाट दाखवणाऱ्या रिबिनी वर टेकडीकडे जात होत्या. उजव्या हाताला बैलगाडीचा पांदण रस्ता होता. टेकडी टाळून थेट पलीकडच्या शेतात निघणारा.

मी पांदणीनं गेलो.

खूप विचार केला असंही नाही. गेलो.

मला इतक्या लवकर आलेला पाहून ताई उड्याच मारायला लागल्या. "अरे बापा! काय आला तू! आता पाह्य माझं!"

आणि सुटल्या.

त्या फेरीत ताईंनी जे केलं ते मी परत कधी पाहिलं नाही. आदल्या फेरीपेक्षा सात मिनिटं लवकर आल्या. घामानं भिजलेल्या, कोपर खरचटलेलं, आणि हसत होत्या.

उजाडलं तेव्हा आम्ही दुसरे होतो.

ताईंचे मिस्टर आणि मुलगी महागावहून आले होते. थर्मास, पोहे, सगळं घेऊन. ताई मुलीला म्हणाल्या, "याच्यामुळं आला आपला नंबर. तीन वाजताची याची फेरी पाह्यला पाह्यजे होती तू."

मला ते ऐकवलं नाही. त्यांना बाजूला घेतलं.

"ताई, मी टेकडी चढलोच नाही."

"कधी?"

"तीन वाजता. पांदणीनं आलो."

ताईंनी हातातला चहा खाली ठेवला.

"चाल."

आयोजकांच्या टेबलापाशी जाऊन एवढंच बोलल्या, "आमची एक फेरी खोटी आहे. नाव काढून टाका."

आमची, म्हणाल्या.

मग हळूच, "पण यादीत कारण लिहू नका. पोराचं गावात दुकान आहे. शर्यत सोडून दिली, असं लिहा."

त्यानंतर चार महिने बोलल्या नाहीत. तांड्यावर यायच्या, याडीशी गप्पा मारायच्या. मी दिसलो की डबा उचलून निघायच्या.

एक दिवस दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या.

"तुले वाटत असंल, मले नंबर गेल्याचा राग आहे."

मी हातातल्या मोबाईलचे स्क्रू फिरवत राहिलो.

"तुझ्या फेरीनंतर मी जशी गेली ना, तशी आयुष्यात नाही गेली. आपण जिंकून राह्यलो म्हणून गेली. अन् ते तर खोटं होतं. मंग माझी फेरी खरी का खोटी? चार महिने हेच डोक्यात."

"तुमची खरी होती, ताई."

"हो. मी चढली ना टेकडी. समजायले टाइम लागला." उठल्या. "रविवारी साडेपाचले ये. उशीर नको करू."

पुढच्या वर्षी परत उतरलो. अकरावे आलो. फेऱ्या सगळ्या खऱ्या.

त्या रात्री ताईंना धाप लागत होती. वयानं असेल, असं मला वाटलं. वयानं नव्हती. मग नागपूरच्या चकरा सुरू झाल्या. दीड वर्ष.

मागच्या आठवड्यात भेटायला गेलतो. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाल्या, "सायकल पोरीले दिली. तिले चढ शिकव."

आज दुपारी महागावात निरोप दिला. त्रिशरण झालं. माझ्या मागे दोघं जण बोलत होते.

"सायकल चालवायची बाई. पुसदच्या त्या शर्यतीत मात्र अर्धवट सोडली म्हणे."

"वय झालतं ना."

मी मान खाली घालून उभा राहिलो. तिथं तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणून इथं लिहितोय, स्वतःच्या नावानं.

त्या रात्री ताईंनी एकही चढ टाळला नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत त्या शर्यतीत होत्या.

खोटी फेरी माझी होती.

सुजाता ताई, तुम्हाला मनापासून आदरांजली.

जय भीम, ताई.