अमेरिकेचं भांडं रिकामं कसं पाठवायचं?

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाशी माझा प्रत्यक्ष संबंध आयुष्यात एकदाच आला, आणि त्यात आमची राहती खोली जायची वेळ आली होती.

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर मला विचारलंत, "आजी, अमेरिकेने बाहेरच्या देशांना मदत द्यावी की नाही?" तुमच्या शाळेत वादविवाद आहे म्हणे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून तुमचे आजोबा म्हणाले, "तिला नका विचारू. ती प्रात्यक्षिक करून दाखवेल." मग ते हसत सुटले, मी चिडले, आणि फोन ठेवावा लागला. म्हणून आता पहिल्यापासून नीट लिहून काढते आहे. आजोबांची हकीकत तुमच्या कानावर जाण्याआधी माझी पोचलेली बरी.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. तुमचे आजोबा जर्मनीत हायडेलबर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते आणि आम्ही फ्राउ केसलर नावाच्या विधवा बाईंच्या घरात भाड्याने राहत होतो. तळमजल्यावर त्या स्वतः, मधल्या मजल्यावर अमेरिकन सैन्यातले मेजर हॉलिस आणि त्यांची बायको, आणि पोटमाळ्यावर आम्ही. (जगाचा नकाशाही तेव्हा साधारण असाच होता. फक्त आम्ही सगळ्यांच्या वर होतो, एवढीच काय ती चूक.)

ती खोली कशी मिळाली होती ते आम्हालाच ठाऊक. युद्धात अर्ध्या देशाची घरं पडलेली, त्यामुळे जागेला मारामार, आणि हिंग-फोडणीचे भाडेकरू कोणालाच नको असायचे. फ्राउ केसलर यांनी आम्हाला ठेवून घेतलं ते तीन अटींवर. रविवारी आवाज नाही. तळण आठवड्यातून एकदाच. आणि आपली पाळी असेल त्या आठवड्यात जिना स्वतः घासून-पुसून लख्ख करायचा. शिस्त मला आवडते, त्यामुळे माझं त्यांच्याशी छान जमलं. पण भाडेकरार वसंतात संपत होता आणि आजोबांचा प्रबंध पुरा व्हायला उन्हाळा उजाडणार होता. करार पुढे चालू राहिला नाही, तर सामान आणि अर्धवट प्रबंध घेऊन बोटीने परत. पुण्यात सासूबाईंनी 'डॉक्टर आपटे' अशी पितळी पाटी आधीच करून ठेवली होती.

आता माझ्या मतांबद्दल. मी तेव्हा पुण्याच्या एका साप्ताहिकात अमेरिकेच्या राजकारणावर लेख लिहीत असे. अमेरिका मी पाहिलेली नव्हती, पण त्यामुळे लिहायला कधी अडचण आली नाही. सरकारने हात आखडून खर्च करावा, लोकांना कराखाली चिरडू नये, कम्युनिस्टांपुढे नमतं घेऊ नये, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या देशांना फुकट मदत वाटणं थांबवावं. फुकट मिळालं की घेणारा आळशी होतो आणि देणारा शेफारतो. मदत नको, व्यापार करा. ही मतं मला आजही तशीच पटतात. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही भलतंच तात्पर्य काढाल.

गंमत म्हणजे मिसेस हॉलिस यांची मतंही हीच, शब्दन् शब्द. त्या नेब्रास्कातल्या शेतकऱ्याची मुलगी. "आमच्या वडिलांनी सरकारकडून कधी दाणा घेतला नाही," असं त्या सांगायच्या. वाचून झालेली त्यांची मासिकं त्या मला द्यायच्या, मी त्यातून लेख लिहायची आणि मग जिन्यात उभ्या राहून आम्ही दोघी वॉशिंग्टनच्या उधळेपणावर तोंडसुख घ्यायचो. इतकं एकमत मी घरच्यांशीही कधी अनुभवलं नव्हतं.

आणि एके दिवशी त्या सफरचंदाचा पाय, म्हणजे आत सफरचंद भरून भाजलेला त्यांच्याकडचा गोड पदार्थ, घेऊन वर आल्या.

"सहज केला होता," त्या म्हणाल्या. "काही विशेष नाही."

पाय उत्तम होता. आम्ही तो खाल्ला आणि काचेची थाळी उरली. आता शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. मी थाळीभर शंकरपाळे केले आणि खाली नेऊन दिले.

मिसेस हॉलिस यांचा चेहरा पडला. "पण मी तर सहज दिला होता. हे इतकं मी फुकट कसं घेऊ?"

दुसऱ्या दिवशी कॉफीचा मोठा डबा आणि कॉर्नफ्लेक्सची दोन खोकी वर आली. कॉफीचा डबा रिकामा झाल्यावर मी त्यांच्याच कॉर्नफ्लेक्सचा चिवडा करून त्यात भरला.

"म्हणजे कच्चा माल अमेरिकेचा आणि पक्का माल आपला," आजोबा म्हणाले. "इंग्रजांनी दीडशे वर्षं हेच केलं ना आपल्याला?"

"अहो, हा व्यापार आहे. मदत नाही."

"बरं. मग व्यापार कधी थांबतो?"

थांबत नव्हता. चिवड्यावर त्यांनी लोणी आणि चॉकलेटं पाठवली. मी नारळाच्या वड्या पाठवल्या. त्यांनी मेजरसाहेबांचा जुना ओव्हरकोट आजोबांसाठी पाठवला. कोटात आजोबा दोनदा मावले असते. पण कोट ही काही वड्यांनी फिटणारी गोष्ट नव्हे, म्हणून मी माझी ठेवणीतली महेश्वरी साडी देऊन आले. खाली जाताना आनंद होत होता. वर येताना आपण काय केलं ते लक्षात आलं.

"एक साडी गेली," मी म्हटलं.

"अगं, तुम्ही दोघी नक्की कशाला घाबरता?" आजोबांनी पेन खाली ठेवलं. "दोघींपैकी एक जरी समाजवादी असती ना, तर तिने पाय खाल्ला असता, आभार मानले असते आणि गप्प बसली असती. मी आत्तापर्यंत डॉक्टर झालो असतो."

मी लेख लिहीत होते. विषय होता, 'स्वाभिमानी राष्ट्राने मदत नाकारावी कशी.'

आणि साडीच्या उत्तरादाखल फ्रिज आला.

हॉलिस मंडळी नवा फ्रिज घेत होती, म्हणून जुना त्यांनी आम्हाला दिला. दोन धिप्पाड सैनिकांनी तो वर चढवला, तोही रविवारी दुपारी. जर्मनीत रविवारी दुपारी कोणी गालिचासुद्धा झटकत नाही. इथे दोन जवान एकमेकांना ओरडून सूचना देत जिन्यावरून लोखंडी कपाट चढवत होते आणि समोरच्या घरातल्या बायका खिडक्यांत उभ्या होत्या. फ्रिज अमेरिकन विजेवर चालणारा, म्हणून त्याच्याबरोबर बैलाच्या डोक्याएवढा ट्रान्सफॉर्मर. सैनिकाने बटण दाबलं आणि सबंध घराची वीज गेली.

मग चपलांचा आवाज एकेक पायरी चढत वर आला.

"फ्राउ आपटे," फ्राउ केसलर दारात उभ्या होत्या. "माझ्या बहिणीच्या वाढदिवसाचा केक ओव्हनमध्ये आहे. होता. आता तो बसला आहे."

"फार वाईट वाटतं, फ्राउ केसलर."

"आल्झो, तर मग. वसंतात तुमचा करार संपतो. पुढे चालू ठेवायचा की नाही, ते मी या यंत्राकडे बघून ठरवणार आहे. शनिवारपर्यंत ते इथून गेलेलं असावं."

त्या गेल्या. आजोबा फ्रिजकडे बघत बसले होते. "सोपं आहे," ते म्हणाले. "परत द्यायचा. आभार मानायचे, म्हणायचं की घरात वीज पुरत नाही. झालं."

"परत द्यायचा आहेच," मी म्हटलं. "पण रिकामा कसा देणार?"

त्यांनी उठून फ्रिजचं दार उघडून पाहिलं. मग म्हणाले, "अगं, तो फ्रिज आहे."

"भांडंच आहे. दार असलेलं."

"तू विचार करून बोलते आहेस?"

"अहो, दुसऱ्याची वस्तू आहे. आत काही न घालता पाठवली तर काय म्हणतील त्या?"

"काही म्हणणार नाहीत! त्या अमेरिकन आहेत!"

पण या बाबतीत माझं बोट धरून कोणी मला चालवू शकत नाही. त्यातून फ्रिज एवढा मोठा. कोपऱ्यात चार वड्या ठेवल्या असत्या तर कंजूषपणा दिसला असता. मी बुधवारी कामाला लागले. शंकरपाळे झाले, चकल्या झाल्या, पुऱ्या झाल्या. (तळण आठवड्यातून एकदाच, ही अट मी मोडली नाही. बुधवारी सुरू केलेलं एकच तळण शुक्रवारपर्यंत चाललं, एवढंच.) जर्मनीत क्वार्क नावाचा चक्क्यासारखा प्रकार मिळतो, त्याचं केशर घालून मोठं पातेलंभर श्रीखंड केलं. घरभर तुपाचा वास. फ्राउ केसलर यांनी तळमजल्याच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर बर्फ पडत होता.

शनिवारी सकाळी तेच दोन सैनिक आले. त्या आठवड्यात जिन्याची पाळी फ्राउ केसलर यांची होती आणि त्यांनी नुकताच प्रत्येक पायरीला मेणाचा हात दिला होता. त्या खालच्या वळणावर उभ्या राहिल्या, फ्रिज जाताना डोळ्यांनी बघायला. मधल्या मजल्यावर मिसेस हॉलिस दार उघडून तयार होत्या.

"हा जड का झालाय?" एक सैनिक म्हणाला.

"जरा जपून," मी वरून म्हटलं. "सरळ धरा."

फ्रिज जिन्यावरून सरळ उतरत नाही, हे मला तेव्हा कळलं. वळणावर तो कलला, दार उघडलं आणि माझी सगळी परतफेड बाहेर आली. आधी शंकरपाळे आले, पायऱ्यांवरून गारांसारखे वाजत. मागून चकल्या आल्या आणि त्यातल्या काही घरंगळत थेट रस्त्याच्या दारापर्यंत गेल्या. आणि शेवटी पातेलं. ते घाईत नव्हतं. एकेका पायरीवर टेकत, प्रत्येक पायरीला वाटीभर श्रीखंड देत, ते फ्राउ केसलर यांच्या पायाशी जाऊन थांबलं.

फ्राउ केसलर यांच्या डाव्या सपातीवर केशरी श्रीखंड होतं.

मिसेस हॉलिस पहिल्यांदा सावरल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत मला नको असलेलं पाणी दिसलं. "मिसेस आपटे, हे सगळं तुम्ही आमच्यासाठी केलंत? मग आता आम्हाला..."

"नाइन," फ्राउ केसलर म्हणाल्या. म्हणजे जर्मनमध्ये 'नाही'.

"पण मी फक्त..."

"नाइन. कोणी कोणाला काही देणार नाही." त्यांनी सैनिकांकडे बोट केलं. "हे यंत्र आणखी खाली. माझ्या स्वयंपाकघरात."

सैनिकांनी मिसेस हॉलिस यांच्याकडे पाहिलं. मिसेस हॉलिस यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांकडे पाहिलं, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

फ्रिज तळमजल्यावर गेला. त्यात वरच्या कप्प्यातल्या पुऱ्या तेवढ्या शिल्लक होत्या. फ्राउ केसलर यांनी एक पुरी काढली, दाराशी उभ्या राहून सगळी खाल्ली, आम्हा दोघींकडे बघून "डांके", म्हणजे 'आभारी आहे', एवढं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

बस्स. एवढंच. आम्ही दोघी जिन्यात उभ्या. मदत घ्यावी कशी हे इतक्या जवळून आम्ही दोघींनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"त्या काही परत देणार नाहीत?" मिसेस हॉलिस हळूच म्हणाल्या.

"दिसत नाही तसं."

"पण हे बरोबर नाही."

"अजिबात नाही," मी म्हटलं. पुन्हा एकदा आमचं पूर्ण एकमत झालं.

मग गुडघ्यांवर बसून आम्ही जिना धुतला, मी वरून आणि त्यांनी खालून. मधे आमची गाठ पडली तेव्हा त्या म्हणाल्या की श्रीखंड छान झालं आहे. त्यांनी ते कुठून चाखलं हे मी विचारलं नाही.

सोमवारी मेजरसाहेबांनी फ्राउ केसलर यांच्या स्वयंपाकघरात वेगळी वायर ओढून दिली. आणि वसंतात करार आमच्या हातात पडला, आजोबांचा प्रबंध पुरा होईपर्यंतचा. खाली एक नवी अट टाइप केली होती: भाडेकरूंनी एकमेकांत भांडी देऊ अथवा घेऊ नयेत. आजोबांनी वाचली आणि लगेच सही केली. पितळी पाटी अजून आपल्या दारावर आहे, ती त्या अटीच्या कृपेने.

अडचण एकच झाली. मिसेस हॉलिस यांची ती पहिली काचेची थाळी त्या देवघेवीत चॉकलेटं घेऊन पुन्हा माझ्याकडे आली होती, आणि नव्या अटीमुळे ती मला परत करता येईना. पुढे त्यांची बदली झाली आणि पत्ता हरवला. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात आहे. आजोबा तिला 'अमेरिकेची मदत' म्हणतात. मला ते मुळीच आवडत नाही.

तेव्हा तुमच्या वादविवादाला माझं उत्तर मी वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. तुम्ही अमेरिकेत राहता, थाळी अमेरिकेची आहे, म्हणजे हिशेब मिटला. आत शंकरपाळे आहेत. ते खा, थाळी ठेवून घ्या, आईला सांगा की आजीने निक्षून बजावलं आहे, उलट काहीही पाठवायचं नाही.

आणि पाठवलीच, तर रिकामी पाठवू नका.