पांढऱ्या शाईखालचा सूर

आमच्या घरात गाणी मापाने निवडली जातात. हसू नका, खरं सांगतेय. आमचे मास्तर, म्हणजे माझा नवरा, टेलर आहेत, आणि गेली बावीस वर्षं गावातल्या वृंदगान मंडळाची गाणीही तेच निवडतात, तेच बसवतात. दोन्ही कामं एकाच टेबलावर आणि एकाच वहीत. वहीच्या डाव्या पानावर गिऱ्हाइकाची छाती, कंबर, उंची. उजव्या पानावर गाणाऱ्याचा आवाज: खाली कुठवर उतरतो, वर कुठवर चढतो, आणि शेरा. माझ्या नावापुढे शेरा आहे, "आवाज दमदार, पण घाई करते." लग्नाला एकतीस वर्षं झाली, वह्या बदलल्या, शेरा तसाच उतरवून घेतात.

आमच्या मंडळात बायका आणि पुरुष मिळून गातात, म्हणजे कागदावर एकाखाली एक चार ओळी असतात. सगळ्यात वर उंच आवाजाच्या बायका, त्या सतरा जणी. त्याखाली आम्ही जाड आवाजाच्या आठ. तिसरी ओळ पुरुषांतल्या उंच आवाजाची, त्यांना टेनर म्हणतात. तळाला खर्जवाले, ते पाच, त्यातले दोन पेंगत असतात. आणि टेनर किती? एक. अख्ख्या गावात एकच माणूस मिळाला, आमचे पोस्टमन भाऊजी. मास्तरांचे शाळेपासूनचे मित्र.

नव्या गाण्यांचे नमुने मोठ्या पाकिटातून येतात. मास्तर ते कापायच्या टेबलावर पसरतात, एका कोपऱ्यावर कात्री ठेवतात, दुसऱ्यावर थंड इस्त्री. बाकीचे लोक गाण्यात शब्द बघत असतील, चाल बघत असतील. मास्तर आधी तिसरी ओळ बघतात. बोट ठेवून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जातात, आणि कुठे टेनरचा सूर फार वर चढलेला दिसला की कागद बाजूला. त्या नापसंत कागदांवर मी कॉलरचे नमुने कापते. गावातल्या निम्म्या शर्टांच्या कॉलरी मोठमोठ्या गाण्यांवर बेतलेल्या आहेत, कोणाला पत्ता नाही.

याला कारण आहे. अकरा वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात वरच्या सुरावर भाऊजींचा आवाज फाटला. मागच्या रांगेतून कोणीतरी खिदळलं. भाऊजी घरी जाताना टोपी हॉलमध्येच विसरून गेले. मास्तरांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. त्यांचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाची कंबर वाढली तर ते त्याला तोंडावर सांगायचं नसतं, गुपचूप शिवण सोडायची असते. गाणं फारच आवडलं आणि त्यात एखादाच सूर वर असला, तर ते चुका झाकायची पांढरी शाई घ्यायचे, फक्त भाऊजींच्या प्रतीवर तो सूर झाकायचे आणि वर बारीक पेनाने खालचा, बाकीच्यांशी जुळेल असा सूर लिहायचे. इतकं सफाईदार काम, की छापल्यासारखं दिसायचं.

दिसायचं, म्हणजे पूर्वी. हल्ली दोन वर्षं यांना सुईत दोरा मी माझा चष्मा लावून ओवून देते. चष्मा हा शब्द काढला की अंगावर येतात. "टेलरच्या नाकावर चष्मा दिसला की गिऱ्हाईक दुसरं दुकान बघतं!" बरं बाबा. पण परिणाम काय? भाऊजींच्या पँटचा एक पाय दर वेळी अर्धा इंच लांब. भाऊजी एका शब्दाने बोलायचे नाहीत. मास्तर बाहेर गेलेले बघून हळूच दुकानात यायचे, पँट पुढे करायचे, "वहिनी, एवढं जरा... त्याला कळू देऊ नका." मी पाय उसवायची, हाताने तुरपाई करून द्यायची. म्हणजे बघा, एकाचं गुपित माझ्या डाव्या खिशात आणि दुसऱ्याचं उजव्या. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला कितीदा वाटलं आहे.

तर गेल्या वर्षी मंडळात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. आवाज उंच, स्वच्छ, खोटं कशाला बोला. पण लोकांनी समोर बसून मुकाट्याने आ करायचा, एवढीच त्यांना सवय. सहा महिन्यांत अध्यक्ष झाल्या. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती, तेव्हा एका मंगळवारी तालमीला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आपण कायम असं जमिनीलगत का गातो? वरचे सूर काय फक्त शोभेला आहेत?" सतरा जणींनी माना डोलावल्या. आणि बाईंनी पिशवीतून प्रतींचा गठ्ठा काढला. गाणं स्वतःच निवडून, स्वतःच मागवून, थेट वाटायला सुरुवात!

मी तिसरं पान उघडलं. तिसऱ्या ओळीवर सूर चढत चढत गेला होता आणि वर जाऊन सहा मात्रा तिथेच उभा होता. भाऊजी पान बघत होते. मास्तर भाऊजींकडे बघत होते.

"ज्यांना झेपणार नाही त्यांनी आत्ताच सांगावं, लाजू नये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझे दीर टेनर आहेत. यायला तयार आहेत."

म्हणजे नीट कळलं ना? एका सुरापायी भाऊजी मंडळाबाहेर. आता या माणसाला दुसरं आहे काय? बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लांब. मंगळवार असला की हा माणूस इस्त्रीची पँट घालून अर्धा तास आधी येतो आणि बत्तीस खुर्च्या मांडतो. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या दाराशी पत्रसुद्धा येत नाही, आणि जन्मभर त्यांनी लोकांच्या दारी ती नेली. मला त्या बाईंचा असा राग आला, की घरी जाईपर्यंत मी एकटीच बडबडत होते.

मास्तरांनी मात्र डोकं शांत ठेवलं. "पानं उलटसुलट लागलीत," असं सांगून सगळ्या प्रती गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून शाईची बाटली काढली. मी पलीकडे काजं करत बसले होते. यांनी भाऊजींची प्रत हातभर लांब धरली, मग जवळ आणली, मग पुन्हा लांब धरली.

"मी करू का?" मी विचारलं.

"उजेड कमी आहे, बाकी काही नाही," मास्तर म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी पुढचं काज हातात घेतलं. चूक माझी, तेव्हाच उठायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात, प्रती परत वाटून झाल्यावर, भाऊजी दुकानात आले. मास्तर बटणं आणायला गेले होते. भाऊजींच्या एका हातात पँट होती, दुसऱ्यात गाण्याची प्रत, आणि चेहरा असा फुललेला, की मी आधी विचारलं, "मुलगी येतेय का?"

"वहिनी, हे बघा." त्यांनी तिसरं पान माझ्यासमोर धरलं. "अकरा वर्षं तो माझ्या कागदावर शाई लावतोय. त्याला वाटतं मला कळत नाही. अहो, चौतीस वर्षं टपाल वाटलं मी! कोणी पाकीट वाफेवर उघडून परत चिकटवलं असेल तर बोटांना कळायचं मला. आणि कागद खिडकीशी धरला की खालचा सूर दिसतोच की."

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझी लाज राखत होता तो. त्याला कशाला लाजवू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण यंदा बघा. माझी ओळ कोरी आहे. नाही झाकला त्याने. एवढा वरचा सूर, आणि तरी नाही झाकला. म्हणजे त्याला वाटतंय, मी गाईन." त्यांचे डोळे भरून आले होते.

मी पानाकडे बघितलं. भाऊजींची ओळ खरंच कोरी होती. तिच्या बरोबर वर, दुसऱ्या ओळीवर, म्हणजे आम्हा जाड आवाजाच्या बायकांच्या ओळीवर, पांढऱ्या शाईचा मोठा ठिपका होता आणि त्यावर सुबक अक्षरात टेनरचा खालचा सूर. एका ओळीने चुकला होता माझा नवरा! भाऊजी स्वतःच्या ओळीवर इतके खूश होते, की त्यांनी माझ्या ओळीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"छान आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार, तुम्हीच सांगा.

"तालमीत मी खालचाच सूर लावीन. तो कुठला निवडतो ते मला आता पाठ झालंय. कार्यक्रमात मात्र दाखवतो त्याला," भाऊजी म्हणाले, आणि पँट विसरून निघून गेले.

पुढचा महिना मी कसा काढला, माझं मला माहीत. तालमीत भाऊजी खालचा सूर लावायचे आणि मास्तर माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. घरी आल्यावर वर म्हणायचे, "बघ, कोणाला कळलंसुद्धा नाही!" सांगावं, तर हे धावत जाऊन सूर झाकणार आणि भाऊजींचा तो फुललेला चेहरा माझ्यामुळे विझणार. न सांगावं, तर भरल्या हॉलमध्ये आवाज पुन्हा फाटणार, आणि या वेळी टोपीच नाही, माणूसच परत यायचा नाही. तिकडे भाऊजींनी दुपारी इमारतीच्या जिन्यात सराव चालवला होता. तळमजल्यावरच्या बाईंनी दोनदा लिफ्टवाल्याला बोलावलं, कोणीतरी आत अडकलंय म्हणून. सूर कसा लागत असेल याची कल्पना आली ना?

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाईंचे दीर काळा कोट घालून बसलेले, हातात प्रत, "अगदीच वेळ आली तर" म्हणून. आमचं शेवटचं गाणं सुरू झालं. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. मी तिसरं उलटलं. मास्तरांनी डावा हात वर नेला. आणि भाऊजींनी छाती भरून घेतली.

सूर आला. आधी खरखरत आला, जुनं दार उघडावं तसा, आणि माझे डोळे आपोआप मिटले. मग तो सुटला आणि वर गेला. गेला, आणि तिथेच राहिला. मी डोळे उघडले तर मास्तर तोंड उघडं टाकून भाऊजींकडे बघत होते आणि त्यांचा हात हवेत तसाच. हात खाली आल्याशिवाय कोणी थांबायचं नाही, ही त्यांचीच शिकवण. सहा मात्रांच्या आठ झाल्या, आठाच्या अकरा. सतरा जणी लालबुंद झाल्या. डॉक्टरीणबाईंचा दम संपला आणि त्यांनी तोंड मिटलं. ते दृश्य मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पेंगणारे दोघे टक्क जागे झाले. भाऊजी मात्र अजून धरून होते, कारण अकरा वर्षांचं साठलेलं होतं. मी गातही होते आणि रडतही होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही.

टाळ्या थांबल्यावर दीर कोटाची बटणं सोडत घरी गेले. आत, पडद्यामागे, मास्तरांनी भाऊजींना गाठलं.

"तू काय गायलास रे?"

"जे लिहिलंय ते," भाऊजी म्हणाले आणि प्रत त्यांच्या हातात दिली.

मास्तरांनी ती लांब धरली. जवळ आणली. मग चार माणसांदेखत माझ्याकडे हात पसरला. "अगं, तुझा चष्मा दे."

त्यांनी माझा चष्मा नाकावर चढवला आणि तिसरं पान बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना कोरी ओळ दिसली, वरचा ठिपका दिसला, सगळा घोटाळा दिसला. चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"तू यंदा झाकला नाहीस ना," भाऊजी म्हणाले, "म्हणून म्हटलं, आता गायलाच पाहिजे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे असे वटारले, की एक शब्द चुकीचा निघाला असता तर घरात त्यांना आठवडाभर चहा मिळाला नसता.

"नाही झाकला," मास्तर सावकाश म्हणाले. "म्हटलं, बघू या, गातोस की नाही."

भाऊजींनी त्यांना मिठीच मारली. मी जिवात जीव आल्यासारखा श्वास सोडला. पण चष्मा अजून यांच्या नाकावरच होता ना! मिठीतून सुटून मास्तर मागे सरले, त्यांनी मित्राला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, आणि नजर पँटच्या काठावर येऊन थांबली. ते खाली गुडघ्यावर बसले. काठ उलटून बघितला. मग दुसऱ्या पायाचा बघितला.

"ही तुरपाई हिची आहे," ते म्हणाले.

मी छताकडे बघू लागले.

"किती दिवस?"

"दोन वर्षं," भाऊजी म्हणाले. "अरे, अर्धाच इंच असतो."

मास्तर तसेच बसून राहिले. खाली मान घालून त्यांनी एकदा चष्म्याखालून डोळे पुसले. मग सवयीने खिशातून टेप काढला, जो हा माणूस कार्यक्रमाच्या कोटातसुद्धा ठेवतो.

"सरळ उभा राहा," ते म्हणाले. "दोन्ही पानांवरचं माप नव्याने घ्यायचंय."